सुमतीची तीन वर्षं

यंदा आमच्या गल्लीची आषाढातली जत्रा आणि ईशाची व्हिसाची मुलाखत एकाच आठवड्यात आली आहे. ईशा ही माझ्या भावाची, शशीची, धाकटी मुलगी. डॉक्टर झाली, अमेरिकेच्या परीक्षा झाल्या, तिकडच्या एका दवाखान्यात रेसिडेन्सीची जागाही मिळाली. राहिलाय तो फक्त व्हिसा. मुलाखतीची तारीख उशिरा लागली, त्यामुळे घरातले सगळे दिवस मोजताहेत. ती आरशासमोर उभी राहून उत्तरं पाठ करते. शिक्षण झाल्यावर काय करणार? परत येणार का? मागे तुमचं कोण कोण आहे? मी भाजी निवडत ऐकत असते आणि मला आमची माडी आठवते. हेच प्रश्न, उलट्या बाजूनं, एका आषाढात आमच्या घराला विचारले गेले होते.

सध्या रोज कुठल्या ना कुठल्या गल्लीत पी-ढबाक वाजतं. पंचगंगेला आषाढात नवं, तांबडं पाणी आलं की आमच्याकडे ते घागरीत भरून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि देवीच्या पायरीवर ओततात. प्रत्येक गल्लीचा आपला दिवस, आपलं वाजप. घागरी डोक्यावर घ्यायच्या त्या गल्लीतल्या लेकींनी. एक सनई लांबलचक 'पीऽऽ' करते आणि ढोल 'ढबाक' म्हणून तिला उत्तर देतो, एवढंच ते संगीत. बाहेरगावच्या माणसाला हसू येतं. मी मात्र ते ऐकून हातातलं काम टाकून दारात जाते, आणि आता या वयात ते लपवतही नाही.

सुमती आमच्याकडे आली ती ऐंशीच्या दशकात, ऊस तुटायच्या दिवसांत. मूळची मॉरिशसची. तिच्या देशासाठी राखलेल्या जागेवर जवळच्या एका सरकारी कॉलेजात डॉक्टर झाली होती आणि इंटर्नशिपचे उरलेले महिने काढायला कोल्हापुरात आली होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, माडी भाड्यानं द्यायची ठरवली तेव्हा आईनं अट घातली होती की पोरगी बघितल्याबिगर होकार नाही. दादा हायस्कुलात मास्तर, वर्गात त्यांचा दरारा. घरात दरारा आईचा.

"नाव काय म्हणलीस?"

"सुमती जिवाजी."

"जिवाजी हे वडलांचं. आडनाव काय?"

"तेच आडनाव."

तिनं समजावून सांगितलं. तिच्या पणजोबांना कोकणातून बोटीत घालून ऊस तोडायला नेलं. तिकडच्या कारकुनानं नाव विचारलं, पणजोबांनी जिवाजी सांगितलं. तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. गाव कुठलं ते पणजोबांनी सांगितलं असणार, पण कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

आई विचारात पडली. "म्हणजे गाव न्हाय, कूळ न्हाय, देवक न्हाय. मग तू आलीस तरी कुठनं गं?"

"पाण्यातून," सुमती म्हणाली आणि हसली. आईनं किल्ली तिच्या हातात दिली.

तिचं मराठी आधी फार जपून ठेवलेलं होतं. आजीच्या भजनातले शब्द, त्यावर कॉलेजातलं पुस्तकी मराठी. 'मला जलपान करायचे आहे' असं ती म्हणाली तेव्हा शशी पाठ फिरवून हसला होता. पण आमची गल्ली कुणाला जपून बोलू देत नाही. कोल्हापुरातल्या बायका 'मी येतो, मी जातो' असं बाप्यासारखं बोलतात, ते तिनं महिन्याभरात उचललं. ड्यूटीला निघताना जिन्यातून ओरडायची, "मावशी, मी जातो हं." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "जातो म्हणू ने, येतो म्हण की!" रोज तेच, आणि दोघींनाही त्याचा कंटाळा नसे.

इंटर्नशिपमधले काही महिने खेड्यात काढावे लागत. तिला कोडोली मिळालं. शशी तेव्हा एका दूध डेअरीत होता आणि पहाटे त्याचा टेम्पो दुधाला कोडोलीकडेच जायचा. एसटीत उभं राहण्यापेक्षा टेम्पो बरा, असं दादाच म्हणाले. रिकाम्या कॅनचा खडखडाट, मागे हमाली करणारे दोघं, पुढे शशी, ड्रायव्हर आणि सुमती. वाटेत गुऱ्हाळं पेटलेली असत. पहिल्याच दिवशी काहिलीतल्या रसाचा वास आला आणि ती म्हणाली, "माझ्या घराचा वास येतोय." शशीनं टेम्पो थांबवायला लावला. गुऱ्हाळवाल्यानं पळसाच्या पानावर गरम गूळ दिला. "पावणं, कुठलं म्हणायचं?" त्यानं विचारलं. शशीनं परस्पर सांगून टाकलं, "आमच्याच गल्लीतल्या हाईत."

हे मला शशीनं नाही, सुमतीनं सांगितलं. मी तिच्याहून दोन-तीन वर्षांनी धाकटी, बी.एड. करत होते, संध्याकाळी माडीवर तिच्या पलंगावर पाय पसरून बसायचे. शशी बोलण्यातला नव्हताच. मी फक्त एवढं बघितलं की निघायच्या आधी तो टेम्पोची पुढची सीट ओल्या फडक्यानं पुसतो. ड्रायव्हर सांगायचा, यापूर्वी ती सीट कधी पुसल्याचं त्याला आठवत नाही. बहिणीला याहून जास्त पुरावा लागत नाही. मी गप्प राहिले. असल्या गोष्टींना हवा लागू द्यायची नसते, दुधाला विरजण लावलं की भांडं हलवायचं नसतं, तसं.

सुमतीला बाळंतपणाची डॉक्टर व्हायचं होतं. एकदा कोडोलीहून ती दुपारी कधीतरी परत आली, अंगावर तोच चुरगळलेला एप्रन. पायाळू मूल होतं, मोठे डॉक्टर बाजूला उभे राहिले आणि तिला करू दिलं. आई भाकरी वाढत होती आणि ही आपले तळहात उलटेसुलटे करून बघत होती. "मावशी, हाताला आत्ता कुठं कळायला लागलंय," ती म्हणाली. "आत्ता सोडलं तर हात विसरतील." तिच्या देशात तेव्हा हे पुढचं शिक्षण नव्हतं. तिच्या भागातल्या बाईला पोट उघडायची वेळ आली तर फार लांब न्यावं लागे. तिला इथं तीन वर्षं हवी होती. तीन वर्षं हाऊसमनशिप करायची, म्हणजे वॉर्डात राबत शिकायचं, हात पक्के करायचे आणि मग जाऊन तिथं उभं राहायचं. यापलीकडे तिनं कोल्हापूरकडे काही मागितलं नव्हतं.

आणि तेवढंच मिळेना. ती आली तेव्हा तिच्या देशाच्या माणसांना इकडे यायला व्हिसा लागत नसे. तिचं शिक्षण चालू असतानाच नियम बदलला. आता परवाना हवा, आणि तो इंटर्नशिप संपेपर्यंतचाच. पुढे राहायचं तर दवाखान्यातली जागा दाखवा. आणि दवाखाना म्हणे, जागा देऊ, आधी परवाना दाखवा. दादा वर्गात गणित घालावं तसं ते आम्हाला समजावून सांगत आणि शेवटी स्वतःच डोकं खाजवत. आमच्या तालमीचे वस्ताद आण्णा रोज संध्याकाळी कट्ट्यावर विचारायचे, "काय झालं पोरीच्या कागदाचं? दिल्लीला जायाचं आसंल तर सांगा, आमी चार जण जातो की." दिल्ली म्हणजे त्यांना टेंबलाईच्या पलीकडची टेकडी वाटत असावी, पण त्यांचं मन खरं होतं.

अखेर तिच्या विभागाच्या मॅडमनी वाट काढली. बिनपगारी जागेवर ठेवून घेते, शिकवते, असं पत्र दिलं. हुशार आहे, शिकून मायदेशी परत जाऊन सेवा करणार आहे, असं त्यात होतं. अर्ज गेला. परदेशी माणसांच्या नोंदणीच्या कचेरीतले साहेबही बरे होते. होईल म्हणाले. त्या दिवशी सुमतीनं आणि मी माडीच्या खिडकीत बसून भडंग खाल्लं आणि ती पहिल्यांदा तिकडच्या भाषेतलं गाणं मोठ्यानं म्हणाली.

मग आषाढ लागला. नदीला नवं पाणी आलं. घागरी कुणाकुणाच्या हे ठरवायला बायका आमच्या पुढच्या सोप्यात जमल्या. आईनं एक घागर पुढे ओढली आणि म्हणाली, ही सुमतीची. एक म्हातारी कुरकुरली, लेकीबाळींचा मान हाय, भाडेकरूचा न्हवं. आईचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला असेल. "भाडेकरू कोण गं? माडीवर ऱ्हाती, आमच्यात जेवती, तुझ्या नातवाच्या कानात दवा घालाय रातीची पळती, ती भाडेकरू व्हय?" म्हातारीनं मुकाट्यानं आपल्या हातानं त्या घागरीला हळदीकुंकू लावलं आणि लिंबाचा डहाळा बांधला.

त्या दिवशीची सुमती मला अजून दिसते. आईचं हिरवं लुगडं नीट न बसलेलं, डोक्यावर भरलेली घागर, हिंदकळून खांद्यावर तांबडं पाणी उतरलेलं. मी तिच्या मागे. पी-ढबाकच्या तालावर तिची पावलं पडत होती. शशी कडेनं चालत होता, गर्दी आवरायच्या निमित्तानं. टेकडीवर पायरीशी तिनं घागर रिती केली आणि तिथंच उभी राहिली, मागच्या मुली ढकलत होत्या तरी. "माझ्या पणजोबांनी गाव सोडताना असंच कुठंतरी पाणी ओतलं असेल का गं?" तिनं मला विचारलं. मी तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं.

जत्रा झाली आणि कचेरीतून निरोप आला की घरमालकानं येऊन राहण्याची खात्री द्यावी. साधं काम. दादा शाळेत, सुमती ड्यूटीवर. आई म्हणाली, मी जातो. मी बरोबर गेले, आणि वस्ताद आण्णा बोलावलं नसताना आले, डोक्याला कोरा फेटा बांधून. आईनं डब्यात टेंबलाईचा प्रसाद घेतला होता.

साहेबांनी खुर्ची दिली. विचारलं, "या बाई तुमच्याकडं राहतात ना? तुमच्या कोण?"

भाडेकरू. एवढा एक शब्द बोलायचा होता. पण चार दिवसांपूर्वीच या शब्दावरून आई सगळ्या गल्लीशी भांडली होती, तो आता तिच्या जिभेवर येईना. आणि तिला वाटलं, आपण जितकं जवळचं नातं सांगू तितका कागदाला जोर येईल. आमच्याकडे कुठल्याही दारात असंच चालतं. कोण कुणाचा हे कळलं की काम होतं.

"सून हाय माझी," आई म्हणाली. "व्हनारी."

साहेबांनी वर बघितलं. "म्हणजे लग्न करून इथंच राहणार?"

"तर वो! आता कुठं जातीया? आमचीच झाली की ती."

"गल्लीची लेक हाय सायब," आण्णांनी फेट्याला हात लावून साक्ष दिली.

साहेबांनी अभिनंदन केलं आणि जे ऐकलं ते लिहून घेतलं. मी शेजारी उभी होते आणि मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. आईनं प्रसाद वाटला. आम्ही पुढारी सभा जिंकून यावा तसे परत आलो.

रात्रीच्या जेवणाला आईनं सगळं रंगवून सांगितलं. शशीचा घास हातातच राहिला. तो उठला, हात धुतला आणि बाहेर गेला. सुमती तर भिंतीसारखी पांढरी पडली. "मावशी," ती हळू म्हणाली, "मॅडमच्या पत्रात मी परत जाणार असं लिहिलंय. शिकायला राहणाऱ्याला परवाना मिळतो. कायमची राहणार म्हटलं की तो मिळत नाही." आईला ते कळेना. राहणाऱ्या माणसाला राहू देत नाहीत आणि जाणाऱ्याला राहू देतात, हा कुठला न्याय? दादांनी ताट सारलं. दुसऱ्या दिवशी सुमती कचेरीत धावली, पण कागद वर गेला होता.

उत्तर यायला वेळ लागला नाही. अर्जदाराचा हेतू शिक्षणाचा नसून कायम वास्तव्याचा दिसतो, सबब मुदतवाढ नाही.

मग गल्लीनं डोकं चालवलं. इंग्लंडला जावं तर तिकडची वेगळी परीक्षा आणि जागांसाठी रांग. फ्रान्सची भाषा तिला येत होती, पण तिथं इथली पदवी चालत नव्हती. घरी जावं तर साध्या दवाखान्यात ताप-खोकला. सगळे रस्ते मोजून झाले की लोक आमच्या दाराकडे बघायचे. एक रस्ता उघडाच होता आणि सगळ्यांना तो सोपा वाटत होता. आण्णा तर म्हणाले, "आता खोटं न्हाईच ठेवायचं. लावून टाका लगीन. कागदाचं कागद बघून घेतील."

शशीनं तिला विचारलं. माडीच्या जिन्यात, मी वर आहे हे दोघांनाही माहीत असताना. फार बोलला नाही. म्हणाला, "मी इचारणारच हुतो. जरा दमानं इचारणार हुतो. आता इचारलं तर उपकार केल्यागत दिसतंय, हे मला कळतंय. तरी बी इचारतो."

ती जिन्याच्या पायरीवर खाली बसली.

"आज हो म्हटलं तर ते तुला म्हटलं की कागदाला, हे मलाच कळणार नाही," ती म्हणाली. "मला तीन वर्षं हवी होती रे शशी. तुम्ही सगळे मला अख्खं आयुष्य द्यायला निघालात. ते मी असं, कचेरीच्या दारातून आत येऊन घेऊ? आणि तिकडं वाट बघणाऱ्या बायकांना काय सांगू?"

शशी जिना उतरून गेला. मी त्याला अडवलं नाही आणि तिची समजूतही घातली नाही. तिचं बरोबर होतं. त्याचंही बरोबर होतं. दोघं बरोबर असली की मधल्या माणसाला करण्यासारखं काही उरत नाही.

ती गेली तो श्रावण होता. गौरी-गणपतीपर्यंत थांब म्हणायची सोय नव्हती, मुदत संपत आली होती. सकाळपासून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. शेवटी सुमतीच आत गेली आणि वाकून पाया पडली. आईनं तिच्या हातावर दही घातलं आणि तिचा बांध फुटला.

"माझ्या त्वांडानं वाटोळं केलं गं तुझं. खोटं बोललो मी."

सुमतीनं दही खाल्लं, हात पदराला पुसला, आईच्याच.

"खोटं नव्हतं ते, मावशी," ती म्हणाली. "फक्त तोवर मला कुणी विचारलं नव्हतं."

मग ती जिन्यापाशी ठेवलेली ट्रंक उचलायला गेली, आणि दारातून म्हणाली, "मावशी, मी येतो हं." इतके महिने आई जे शिकवत होती ते तिनं त्या दिवशी न चुकता म्हटलं. शशीनं तिला टेम्पोतून स्टेशनवर सोडलं. त्या दिवशीही सीट पुसलेली होती.

पुढं काही वर्षं दिवाळीला तिचं कार्ड यायचं. घरी काही काळ तिनं ताप-खोकला बघितला, मग परीक्षा देऊन इंग्लंडला गेली. तिथं तिला जागा मिळाली ती म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना त्याच जागा मिळतात, असं तिनं लिहिलं होतं, आणि म्हातारी माणसं चांगली असतात, असंही. बाळंतपणाचं काही लिहिलं नव्हतं. हाताला जे कळायला लागलं होतं ते हात विसरले का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पुढं कार्डं थांबली.

शशीनं यथावकाश लग्न केलं. माझी वहिनी गुणी आहे, त्याचा संसार चांगला झाला, आणि हे मी कुणाचं मन राखायला लिहीत नाही. तरी मला कधीकधी वाटतं, तीन वर्षं मिळाली असती तर त्यानं दमानं विचारलं असतं, तिनं दमानं उत्तर दिलं असतं. ते उत्तर नाही असतं तरी चाललं असतं. ते तिचं असतं. आम्ही प्रेमाच्या भरात त्या दोघांचा प्रश्नच वापरून टाकला, ज्याचा होता त्याच्या आधी. माणसं वाईट असती तर राग तरी धरता आला असता.

आई आता पुष्कळ थकली आहे. ऐकू कमी येतं, पण आवाज तोच. त्या श्रावणानंतर तिनं कुठल्या कचेरीत पाऊल टाकलं नाही. कुठलीही सही असली तरी दादांनी, आणि ते गेल्यावर पेन्शनच्या सहीला शशीनं, कागद घरी आणले. लोक म्हणत, हट्टी आहे. आणि दर आषाढात एक घागर ती स्वतः भरून उंबऱ्याशी ठेवते. ती कुणाची हे गल्लीतल्या नव्या मुलींना ठाऊक नाही. ज्या मुलीचा हात मोकळा असेल ती ती उचलते आणि टेकडीवर ओतून येते. काल ती ईशानं उचलली.

आज पहाटे शशी, ईशा आणि मी मुंबईला निघालो. गाडी दारात उभी होती. ईशा वाकली, आईनं तिच्या हातावर दही घातलं. ईशा म्हणाली, "आजी, तू पण चल की. गाडीत जागा आहे. बाहेरच बसायचं, आत कुणाला सोडत नाहीत."

आई मागे सरली, दाराची चौकट धरून.

"मी न्हाय येत बाई," ती म्हणाली. "कुणीतरी इचारंल ही कोण म्हणून, आन् मी काय तरी बोलून बसंन."

शशीनं खाली बघितलं. मग त्यानं डिकीतून फडकं काढलं आणि ईशा बसायच्या आधी पुढची सीट पुसली.